कुठली गोळी दिली?

निशा पहिल्या दिवशी शिकवायला आली तेव्हा मृणालीच्या आईने तिला कागदी कपात चहा दिला. घरातल्या बाकी सगळ्यांच्या हातात चिनी मातीचे कप होते. निशाने तो कप टेबलाच्या कडेला सरकवला, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "कुठून सुरुवात करायची?"

"तू सांग. तू पास झालेली आहेस," मृणाली म्हणाली.

"फार्माकॉलॉजी. तुझे मार्क तिथेच सगळ्यात वाईट आहेत. तुझा भाऊ सांगत होता."

भाविक दारात उभा होता. बहिणीची उणीदुणी परक्या मुलीसमोर काढल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. मृणालीचा चेहरा मात्र तापला.

त्या दोघी परक्या होत्या असंही नाही. अंजूरची मृणाली आणि भिवंडीची निशा, दोघी बिश्केकला एकाच विद्यापीठात डॉक्टरकी शिकल्या, एकाच हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर राहिल्या. तिथे भारतातल्या मुलींनी मिळून जेवणाची मेस सुरू केली होती. निशा बौद्ध घरातली आहे हे कळल्यावर मेसमध्ये एकाएकी जागा उरली नाही. हे तिला सांगायला मृणालीला पाठवलं होतं, कारण काय, तर दोघी एकाच भागातल्या. "माझ्या हातात काही नाहीये गं," असं मृणाली दारातूनच बोलली होती आणि निशाचं उत्तर न ऐकता निघून आली होती. तिथून पुढे शिक्षण संपेपर्यंत निशाने आपल्या खोलीत छोट्या शेगडीवर एकटीचं शिजवून खाल्लं. जिन्यात समोरासमोर आल्या तरी दोघी बोलत नसत.

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे परवान्याची परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, निम्मे बरोबर आले तर पुढे वर्षभराची इंटर्नशिप आणि मग नोंदणी. निशा पहिल्याच खेपेला सुटली, इंटर्नशिप संपवून भिवंडीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत लागली. मृणाली नापास होत राहिली. वडिलांनी, रामनाथांनी, खाडीकडच्या भातशेतीवर गोदामं बांधून भाड्याने दिली होती. घरात कशाचीच कमी नव्हती, फक्त जिची गावभर जाहिरात झाली होती ती डॉक्टरीण घरात नव्हती.

"तू का आलीस?" पहिल्या दिवशी भाविक खाली गेल्यावर मृणालीने विचारलं.

"तुझा भाऊ क्लासपेक्षा जास्त फी देतो." निशा पुस्तकातून मान वर न करता बोलली. "आणि तुला काही येत नाही हे समोर बसून बघायला मला आवडेल."

तिने शब्द खरा केला. ती ड्युटी संपवून रिक्षाने यायची, बसायची आणि विचारायला लागायची. चुकलं की हसायची नाही, चिडायचीही नाही, फक्त पुढचा प्रश्न थोडा सोपा विचारायची. दहावीतल्या मुलाला विचारावा इतका सोपा. मृणालीला ते थोबाडीत मारल्यासारखं लागायचं.

एका दुपारी विषय निघाला रिसेप्टरचा. पेशींवरच्या कुलुपांचा, असं निशा म्हणायची. औषध म्हणजे किल्ली, किंवा कुलपात कोंबलेलं लाकूड.

"बीटा-एक कुठे असतात?"

"हृदयात."

"बीटा-दोन?"

"फुप्फुसात. एक हृदय, दोन फुप्फुसं. एकाला एक, दोनाला दोन."

"हे गाणं सगळ्या क्लासमध्ये शिकवतात. फुप्फुसात म्हणजे कुठे? काय करतात?"

मृणाली पुस्तकाची पानं उलटायला लागली.

"श्वासनळ्यांच्या भिंतीत स्नायू असतो. बीटा-दोनला चावी लागली की तो सैल पडतो, नळी रुंद होते. आता प्रोप्रॅनोलॉल. ते काय करतं?"

"बीटा ब्लॉक करतं. दोन्ही."

"म्हणजे नळीचं काय होईल?"

"ऑप्शन काय आहेत?"

निशाने पेन खाली ठेवलं. "काय म्हणालीस?"

"परीक्षेत ऑप्शन असतात ना. ते वाचले की मला आठवतं."

"माणूस दवाखान्यात येतो तेव्हा कपाळावर ए, बी, सी, डी लिहून येतो का गं?"

"मला आधी पास व्हायचंय. डॉक्टर नंतर होईन."

"हेच तर तुमच्या घराचं आहे. आधी पाटी, मग डॉक्टर."

पाटीबद्दल ती उगाच बोलली नव्हती. अंजूर फाट्याला रामनाथांचा एक गाळा रिकामा होता. भाविकने तो रंगवून घेतला होता, आत तपासणीचं टेबल टाकलं होतं, औषधांची कपाटं भरली होती. वर पाटी लागली होती, त्यावर दवाखान्याचं नाव होतं आणि डॉक्टरच्या नावाची जागा निळा रंग देऊन कोरी ठेवली होती. फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती कोरी जागा दिसायची. मृणाली त्या रस्त्याने जायचंच टाळत होती.

त्या कोऱ्या जागेसाठीच भाविकने निशाला बोलावलं होतं, हे थोड्या दिवसांनी कळलं. शिकवणी संपवून ती जिना उतरत होती तेव्हा तो तिला आडवा आला. मृणाली वरच्या पायरीवर होती.

"मॅडम, एक काम होतं. पाटीवर तुमचं नाव टाकू. नोंदणीचा नंबर तुमचा. बसेल मृणाली. तुम्ही यायची पण गरज नाही, महिन्याला पाकीट घरी येईल."

"नाही."

"ऐकून तर घ्या."

"ऐकलं. नाही."

"अर्ध्या तालुक्यात असंच चालतं."

"मग अर्ध्या तालुक्यातलं कुणीतरी शोधा."

भाविकचा आवाज बदलला. "आमच्या घरात बसून आमच्या तोंडावर नाही म्हणतेस? तुला घरात घेतलं, खुर्चीत बसवलं, हेच चुकलं आमचं. तुम्हाला जरा वर घेतलं की..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. निशाने त्याच्याकडे नाही, वर उभ्या असलेल्या मृणालीकडे पाहिलं. मृणाली काही बोलली नाही.

"तुझ्या तोंडाला कुलूप कुठल्या औषधाने लागतं ते मला अजून सापडलं नाही," निशा म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही.

त्या रात्री जेवताना भाविकने सरळ सांगून टाकलं, "उद्यापासून तू बसायचं. नाव तुझंच टाकतो. कोण बघायला येतंय?"

"दादा, ते गुन्ह्यात बसतं."

"डॉक्टरकीची डिग्री हाय ना तुझ्याकं?" रामनाथ म्हणाले. "का तीबी खोटी हाय?"

"आहे, पण परवाना..."

"मंग बस. गावात मना त्वांड दाखवाया जागा न्हाय. पोरगी काय करते, पोरगी काय करते. काय सांगू? पोरगी वरच्या खोलीत बसून पाठांतर करते?"

मृणाली बसली. तिला बसवलं हे खरं, पण फार ओढून न्यावं लागलं नाही हेही खरं. ताप, जुलाब, पाठ धरलेली, गोदामातला हमाल खोक्याचा कोपरा लागून आलेला. ती बीपी बघायची, ताप बघायची, गोळ्या द्यायची. माणसं "मॅडम, मॅडम" करत बाहेर पडायची. पाटीवर 'डॉ. मृणाली' असं पांढऱ्या अक्षरांत आलं होतं. आता ती त्या रस्त्याने मुद्दाम पायी यायची. पुस्तकं वरच्या खोलीत तशीच पडून राहिली.

बकुळा आत्या गणेशपुरीहून आली ती एसटीने वज्रेश्वरीवरून भिवंडी आणि तिथून रिक्षाने. रामनाथांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर तिने भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम कितीतरी वर्षं केलं होतं, मग गुडघे गेले तशी गणेशपुरीला आपल्या घरी परतली. भाचीचा दवाखाना बघायला म्हणून ती नवं पातळ नेसून आली होती. घरी न जाता थेट गाळ्यातच उतरली.

"आय गो! ही आमची बाय!" तिने दारातूनच मोठ्याने म्हटलं. बाकावर बसलेली माणसं हसली. "मना तपास आधी. मी पयली."

भाविक काउंटरशी होता. "आत्या, बस ना. चहा सांगतो."

"चहा मंग. हात बघ माझं." तिने दोन्ही हात पुढे केले. बोटं बारीक थरथरत होती. "कप धरता येत न्हाय. आन हितं धडधडतं. कवा कवा रातचं."

मृणालीने नाडी पाहिली. जलद होती. त्या क्षणी तिच्या डोक्यात प्रश्न उमटला, अगदी छापलेला दिसतो तसा: हात थरथरणे, पहिल्या पसंतीचे औषध कोणते? खाली चार पर्याय. तिसऱ्यावर खूण. तिला इतका आनंद झाला की आपण हसतोय हेही तिला कळलं नाही.

"आणखी काही त्रास?" तिने विचारलं, पण विचारता विचारताच ती कपाटाकडे वळली होती.

"न्हाय गो. थंडीत जरा घरघरतं छातीत. ती कापसाची धूल, जुनं दुखनं. त्याचा काय न्हाय."

हे वाक्य मृणालीने ऐकलं. नंतर तिला कुणी विचारलं तेव्हा ती नाही ऐकलं असं म्हणाली नाही. ऐकलं होतं. बाहेर माणसं होती, भाविक बघत होता, आत्या सगळ्यांना सांगत होती की ही आमच्या घरातली पहिली डॉक्टर, आणि हातात गोळ्यांचं पाकीट होतं. तिने प्रोप्रॅनोलॉलची गोळी काढून आत्याच्या तळहातावर ठेवली, वर पाणी दिलं.

आत्या घरी गेली, जेवली, आडवी झाली. दुपारी मृणालीची आई गाळ्यात फोन करून ओरडायला लागली, "ये लवकर, वन्सं कशा तरी करतायत!"

मृणाली पोचली तेव्हा आत्या पलंगाच्या कडेला दोन्ही हात रोवून बसली होती. खांदे वर-खाली होत होते. श्वास आत जात होता, बाहेर येताना शिट्टीसारखा वाजत होता. ओठांवर निळसर छटा. ती बोलायचा प्रयत्न करत होती, एकेक शब्द तुटून येत होता. "बाय... हवा... हवा..."

मृणालीने कानात स्टेथो घालून पाठीला लावला. जे ऐकू आलं ते ऐकून तिला सगळं एकदम कळलं. बीटा-दोन. स्नायू. नळी. निशाने विचारलेला तो प्रश्न, ज्याला तिने पर्याय मागितले होते.

भाविकने गाडी काढली. फाट्यावर कंटेनर आडवा लागला होता. तो हॉर्न वाजवत राहिला. आत्या मागच्या सीटवर मृणालीच्या अंगावर रेलून होती, तिचं प्रत्येक हाड श्वासाबरोबर हलत होतं.

"तिकडे गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही," भाविक आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला. "घरी बसल्या बसल्या झालं. समजलं ना?"

"दादा, मी गोळी दिली म्हणून झालंय."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस का?"

हे ऐकून मृणालीला हसू आलं असतं, एरवी. समोर कंटेनर हलला आणि गाडी पुढे गेली.

जवळचं हॉस्पिटल तेच होतं जिथे निशा ड्युटीला होती. स्ट्रेचर आत गेलं आणि पडद्याआडून तीच बाहेर आली. तिने भाविककडे पाहिलं, मृणालीकडे पाहिलं, काही न बोलता आत्याच्या छातीला स्टेथो लावला.

"दमा आहे? आधी कधी झालंय?"

"थोडं घरघरतं," मृणाली म्हणाली. "लूमवर काम केलंय पुष्कळ वर्षं."

"ऑक्सिजन. सॅल्ब्युटामॉल नेब्युलायझर. स्टिरॉइड भरा." निशाने सिस्टरला सांगितलं. मास्क लागला, श्वासनळी उघडणाऱ्या औषधाची वाफ येऊ लागली. निशा मॉनिटरकडे बघत उभी राहिली. वाफ संपत आली तरी शिट्टी कमी झाली नाही. नाडी मात्र विचित्र संथ होती. इतका दम लागलेल्या माणसाची नाडी घोड्यासारखी पळायला हवी. निशाच्या कपाळाला आठी पडली.

"हिला काही गोळी दिली होती का? हृदयाची, बीपीची?"

"कुठलीच नाही," भाविक म्हणाला. "घरी बसल्या बसल्या झालं. अचानक."

"मी पुन्हा विचारते. कुठली गोळी दिली?"

"सांगितलं ना, कुठलीच नाही! तुम्ही उपचार करा ना, चौकशा कसल्या करताय?"

निशाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मृणालीसमोर उभी राहिली. दोघींच्या मध्ये हातभर अंतर होतं. मृणालीला तिच्या डोळ्यांत राग दिसला, तोच जुना, जिन्यातला. बिश्केकच्या त्या दारात उभी असल्यासारखीच मृणाली आता उभी होती आणि सगळं पुन्हा तिच्या तोंडावर अवलंबून होतं.

"प्रोप्रॅनोलॉल," ती म्हणाली. "चाळीस मिलिग्रॅम. सकाळी उशिरा. मी दिली."

"मृणाली!" भाविक ओरडला.

"हात थरथरत होते म्हणून दिली. घरघरतं म्हणून तिने सांगितलं होतं. मी तरी दिली."

निशा तोवर वळलीही होती. "सिस्टर, इप्राट्रोपियम नेब्युलायझरमध्ये घाला. मॅग्नेशियमची ड्रिप. आयसीयूत बेड सांगा, भूलतज्ज्ञांना फोन करा, घशात नळी घालावी लागली तर तयारी हवी. सॅल्ब्युटामॉल चालूच ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, त्याची जागा बंद करून ठेवलीय." मग मृणालीकडे न बघता, "का चालत नाहीये ते तरी कळतंय का?"

"त्याला बसायला कुलूप मोकळं नाही. बीटा-दोन अडवलेत. इप्राट्रोपियम दुसऱ्या रस्त्याने जाऊन नळी उघडतं."

"बाहेर जा. दोघंही."

बाहेरच्या बाकावर भाविक तिच्या शेजारी बसला नाही. तो तिच्यासमोर उभा राहून हळू आवाजात बोलत होता, आणि हळू आवाजात बोलल्यामुळे ते आणखी वाईट वाटत होतं. "घरच्यांना विकलंस. त्या पोरीसमोर. कुणासमोर तोंड उघडलंस कळतंय का तुला? तिला हेच हवं होतं. आपल्या घरात घुसून आपलं वाटोळं करायचं होतं तिला."

"तिने काय केलं? गोळी मी दिली."

"तुला दिली असती थोबाडीत. पण आत्या मेली तर मग बघतो तुला."

आत्या मेली नाही. संध्याकाळ होईपर्यंत शिट्टी विरळ झाली, नळी घालायची वेळ आली नाही. निशा बाहेर आली, भाविकला म्हणाली, "पेशंट स्थिर आहे. आयसीयूत राहील." मग तिने कागद पुढे घेतला. "औषध कुणी दिलं ते मी केसपेपरवर लिहितेय. आणि परवाना नसताना दिलं हेही."

"लिहू नकोस," भाविक म्हणाला. "तुझा भाऊ विकी आमच्याच गोदामात सुपरवायझर आहे. हे विसरू नकोस."

"तुम्हीच विसरू देत नाही." तिचं पेन थांबलं नाही. "मृणाली, तुला काही म्हणायचंय?"

"लिही," मृणाली म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याचे आरोग्य अधिकारी पोलीस घेऊन अंजूर फाट्याला आले. गाळ्याला सील लागलं. मृणालीवर गुन्हा नोंदला गेला, जामीन झाला. विकीला गोदामातून काढलं, तेही त्याच आठवड्यात. रामनाथांनी मुलीशी बोलणं सोडलं. ताट वाढलं जायचं, पण ती टेबलाशी आली की ते उठायचे. आई रडायची आणि रडता रडता म्हणायची, "त्यापेक्षा गप्प बसली असतीस तर? वन्सं वाचल्याच असत्या की." त्या वाचल्या नसत्या, हे मृणालीने पुन्हा पुन्हा समजावलं आणि मग सोडून दिलं.

एकदा ती हॉस्पिटलवर गेली. निशा कॅन्टीनमध्ये डबा खात होती.

"परीक्षा जवळ आलीय," मृणाली म्हणाली. "शिकवशील?"

"नाही."

"विकीबद्दल ऐकलं. मला..."

"विकीचं नाव घेऊ नको." निशाने डब्याचं झाकण लावलं. "तुला काय वाटलं? एक खरं बोललीस म्हणजे सगळं फिटलं? तुझी आत्या मरत होती म्हणून तू बोललीस. माझ्या वेळी कुणी मरत नव्हतं, म्हणून गप्प बसलीस. आमच्यासाठी बोलायला तुम्हाला प्रेत लागतं."

"बरोबर आहे," मृणाली म्हणाली.

"बरोबर आहे हे मला माहीत आहे. जा अभ्यास कर."

घरात अभ्यास होत नव्हता. भाविक येता-जाता दार आपटायचा. शेवटी बकुळा आत्यानेच निरोप पाठवला, गणेशपुरीला ये. मृणाली पुस्तकांची बॅग घेऊन एसटीने गेली. आत्याने दार उघडलं, तिला आपादमस्तक पाहिलं आणि आत जाऊन बसली.

"मना वाटलं तू माफी मागाया येशील. हॉस्पिटलात नुसतीच उभी ऱ्हायलीस."

"तोंड नव्हतं, आत्या."

"त्वांड होता. गोली द्याया त्वांड होता, नाव सांगाया बी होता." आत्याचा आवाज अजून बसका होता. "ती डॉक्टरीन म्हनली, तू बोललीस म्हनून वाचले. मी म्हनले, गोली बी तिनंच दिली ना? मंग फिटला. आता बस तितं आन वाच. माझ्या घरातनं मी तुला जेवाया घालीन. पन माझ्या अंगाला हात लावायचा न्हाय. नाडी बी बघायची न्हाय."

त्या घरात मृणाली वाचत राहिली. आश्रमाकडे जाणाऱ्या लोकांचा आवाज खिडकीतून यायचा, आत्या स्वयंपाकघरातून मधूनमधून टोमणा मारायची. मृणालीची पद्धत बदलली होती. आधी ती प्रश्न वाचून पर्यायांवर झेपावायची. आता पर्याय हाताने झाकून ठेवायची आणि माणूस समोर बसलाय असं धरून स्वतःलाच विचारायची, याच्या नळीचं काय होईल, याच्या मूत्रपिंडाचं काय होईल, हे दिलं तर दुसरीकडे कुठे जाऊन लागेल. वेळ फार लागायचा. प्रत्येक औषधाच्या पानावर आत्याचा निळा ओठ दिसायचा. ते पान उलटून पुढे जाता यायचं नाही, ते पुरं समजावंच लागायचं.

ती परीक्षेला बसली. निकाल लागला तेव्हा ती निम्म्याच्या थोडीशीच वर होती, पण वर होती. तिने घरी फोन केला. आईने रामनाथांना सांगितलेलं ऐकू आलं, आणि रामनाथ काय म्हणाले तेही: "आता काय उपेग?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इंटर्नशिपच्या नोंदणीसाठी तिने अर्ज केला तेव्हा गुन्ह्याची नोंद आडवी आली आणि ठाण्याला चौकशी समितीसमोर हजर राहायला सांगितलं गेलं. साक्षीला निशालाही बोलावलं होतं. भाविक वकील घेऊन आला होता, बहिणीसाठी नाही, दवाखाना त्याने उघडला होता म्हणून. वकिलाने सांगायचा प्रयत्न केला की गोळी पेशंटने स्वतःहून घेतली असावी.

"नाही," मृणाली म्हणाली. "मी दिली."

समितीतल्या वयस्कर डॉक्टरांनी निशाला विचारलं, "तुमचं या बाईंशी वैर आहे असं वकील म्हणतात. खरं का?"

"खरं आहे," निशा म्हणाली. खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. "मला ती आवडत नाही. तिने बेकायदा दवाखाना चालवला आणि पेशंटचा जीव धोक्यात घातला. आणि तिचा भाऊ नाही म्हणत असताना तिने औषधाचं नाव, डोस, वेळ सांगितली. ते सांगितलं नसतं तर मला आणखी वेळ लागला असता आणि तेवढा वेळ पेशंटकडे नव्हता. तिन्ही गोष्टी लिहून घ्या."

समितीने मृणालीची नोंदणी वर्षभर थांबवली, कायमची रद्द केली नाही. कोर्टातला खटला वेगळा चालू राहणार होता. भाविक निकाल ऐकून कुणाशी न बोलता वकिलाबरोबर गेला.

मृणाली बाहेर आली तेव्हा निशा फाटकाशी भिवंडीच्या रिक्षाची वाट बघत होती. मृणाली तिच्याजवळ जाऊन थांबली.

"तू तसं बोलली नसतीस तर कायमचंच गेलं असतं."

"जे झालं ते सांगितलं. तुझ्यासाठी नाही सांगितलं."

"माहीत आहे."

"विकीला काम मिळालंय. आमच्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. कुणाच्या मेहेरबानीवर नाही." निशाने हात दाखवला, रिक्षा थांबली. मागे दोघीतिघींना पुरेल एवढी जागा होती आणि रस्ता दोघींचा एकच होता. निशा आत बसली, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चलो."

मृणाली तिथून बस स्टॉपकडे चालत गेली. भिवंडीची बस यायला वेळ होता. तिने सावली बघून भिंतीला टेकून जागा धरली.